शिंप्याची कात्री

माझी लेक चार वर्षांची असताना अंगठा चोखायची. कडुनिंब लावून झाला, बागुलबुवा बोलावून झाला. शेवटी, जर्मन शिकताना घेतलेलं एक चित्रपुस्तक मी कपाटातून काढलं. 'श्ट्रुवेलपेटर', म्हणजे केस पिंजारलेला पेटर.

हे पुस्तक हाइनरिश हॉफमन या फ्रँकफर्टच्या डॉक्टरचं. १८४४ च्या नाताळात त्याला तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक हवं होतं. दुकानांत सगळी रटाळ उपदेशाची. वैतागून त्याने कोरी वही आणली आणि गोष्टी, चित्रं स्वतःच रचली. एरवीही डॉक्टरला पाहून रडणाऱ्या मुलांना तो झटपट चित्रं काढून गप्प करायचा. मित्रांच्या आग्रहाने १८४५ मध्ये ते छापलं गेलं. 'गमतीदार गोष्टी' म्हणून!

आता ही गंमत पहा. काड्यांशी खेळणारी मुलगी जळून राख होते. सूप नको म्हणणारा कास्पर पाचव्या दिवशी मरतो. आणि आईने बजावूनही अंगठा चोखणाऱ्या कोनराडच्या घरात एक शिंपी धावत शिरतो, भल्यामोठ्या कात्रीने दोन्ही अंगठे कापतो.

हॉफमनला दोष देणं सोपं आहे. पण सगळ्या गोष्टी सारख्या नाहीत. काडी ओढली तर आग लागते, हा परिणाम झाला. तो मुलाला कळायलाच हवा. अंगठा चोखला तर कात्री येते, ही मात्र शिक्षा, आणि तीही खोटी. पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी आहेत, एकाच थाटात. चार वर्षांच्या मुलाने त्यातलं खरं कुठलं ते कसं ओळखावं? आपला बागुलबुवा तरी वेगळं काय करतो म्हणा!

हे शहाणपण मला नंतर सुचलं. त्या रात्री मी साभिनय गोष्ट वाचली. लेक दोन्ही हात उशीखाली घालून झोपली. मी खूश. मध्यरात्री तिने मला हलवलं.

"बाबा, दाराला कडी लावलीस ना?"

पुस्तक दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेलं. अंगठा वर्षभराने आपोआप सुटला. कडीचा प्रश्न मात्र त्यानंतरही बरेच दिवस येत राहिला. मीही रोज उठून, तिच्यादेखत कडी ओढून दाखवत असे.