प्रोसेसर बेंचमार्क

प्रोसेसरकडून ठरावीक काम करून घेऊन, त्याला लागलेल्या वेळेवरून काढलेल्या गुणाला आणि तो काढणाऱ्या चाचणीलाही बेंचमार्क म्हणतात. हार्डवेअरच्या हौशी मंडळींत रुळलेला शब्द ‘स्कोअर’. हा गुण एकट्या प्रोसेसरचा मानला जातो. खरे तर त्यात रॅम, कूलर, मदरबोर्डने ठरवलेली वीजमर्यादा, कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम या सगळ्यांचा वाटा असतो. तुलनेतले बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

आकडेमोडीचा वेग एकटा पुरत नाही, हे भारतातल्या अगदी सुरुवातीच्या संगणकांवरूनही दिसते. कोलकात्याहून बराकपूरकडे जाणाऱ्या बराकपूर ट्रंक रोडवर, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५६ साली एचईसी-२एम हा ब्रिटिश संगणक सुरू झाला. त्याची १०२४ शब्दांची स्मृती फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती. हवा तो शब्द वाचनशीर्षाखाली येईपर्यंत यंत्राला थांबावे लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेल्या टिफ्रॅकमध्ये (१९६०) ४० बिटांच्या २०४८ शब्दांची फेराइट कोअर स्मृती होती आणि ही वाट पाहणे त्यात नव्हते. रॅमचा एकच मोड्यूल लावून घेतलेला स्कोअर दोन मोड्यूलांच्या स्कोअरशी ताडून पाहणारा आजचा हौशी तपासतो ती गोष्ट मुळात हीच: स्मृतीमुळे वेग किती अडतो.

सर्वमान्य चाचण्या त्यानंतर आल्या. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतली व्हेटस्टोन (१९७२) फ्लोटिंग-पॉइंट आकडेमोडीवर भर देई. राइनहोल्ड वाइकर यांची ड्राइस्टोन (१९८४) पूर्णांक आणि अक्षरमालांवर. दोन्ही प्रोग्राम इतके लहान होते की चतुर कंपायलर त्यांतले काम गाळूनच टाकत. त्यामुळे १९८८ साली उत्पादकांनी एकत्र येऊन ‘स्पेक’ ही संस्था काढली. तिच्या चाचणीत प्रत्यक्ष वापरातले अनेक प्रोग्राम चालवतात, प्रत्येकाचा वेळ एका संदर्भयंत्राशी ताडतात आणि त्या गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घेतात. साधी सरासरी घेतली तर संदर्भयंत्र बदलताच दोन यंत्रांचा क्रम बदलू शकतो. भूमितीय सरासरीत तसे होत नाही.

मराठी वाचकाच्या ओळखीचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. जॅक डोंगारा यांच्या लिनपॅक चाचणीवर जगातल्या ५०० महासंगणकांची यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा निघते. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला ‘एका’ नोव्हेंबर २००७ च्या यादीत ११७.९ टेराफ्लॉप्ससह चौथा आला. त्याची कागदावरची कमाल क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स होती. चाचणीत तिच्यातली ६९ टक्क्यांच्या आसपास उतरली. जून २००८ मध्ये त्याचा गुण वाढून १३२.८ झाला, क्रमांक मात्र आठवर घसरला. क्रमांक इतरांवर अवलंबून असतो, गुण यंत्रावर. तुलना करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायलाच हव्यात. पुण्याच्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये ६३वा आला. त्याची क्षमता २१० एआय पेटाफ्लॉप्स सांगितली गेली आणि लिनपॅक गुण आला ४.६ पेटाफ्लॉप्स. दोन्ही आकडे खरेच आहेत. पहिला कृत्रिम बुद्धिमत्तेला पुरणाऱ्या कमी अचूकतेच्या गणिताचा, दुसरा ६४ बिटांच्या गणिताचा. आकड्यासोबत अचूकता लिहिली नाही तर तो आकडा वाचकाला फसवतो, मग लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा कोलकात्याच्या चांदनी चौकातून सुटे भाग आणून संगणक असेंबल करणाऱ्यांत सिनेबेंच आणि गीकबेंच हे दोन स्कोअर सर्रास सांगितले जातात. सिनेबेंच त्रिमितीय चित्र रेंडर करून घेते. त्याच्या आर२० आणि आर२३ या आवृत्त्यांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत. गीकबेंच ५ मध्ये कोअर आय३-८१०० ला १०००, तर गीकबेंच ६ मध्ये कोअर आय७-१२७०० ला २५०० हा पाया धरला आहे. म्हणून आवृत्तीशिवाय सांगितलेला स्कोअर निरुपयोगी. सिंगल-कोअर आणि मल्टि-कोअर यांतही निवड कामानुसार करावी: बरेचसे खेळ पहिल्याच्या जवळचे, व्हिडिओ रेंडरिंग दुसऱ्याच्या.

आपल्याकडच्या तुलनेत हवामानाचा विचार फार थोडे लोक करतात, आणि तो करायलाच हवा. कूलर चिपचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राखतो. खोली १० अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच तापते. ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. नागपूरच्या मे महिन्यातला स्कोअर थंड प्रदेशातल्या प्रयोगशाळेच्या स्कोअरशी जुळला नाही तर माल खराब आहे, असा अर्थ लगेच काढू नये. एकदाच चालवलेल्या चाचणीत हा फरक लपतो, सलग दहा मिनिटांच्या चाचणीत उघडा पडतो. हुगळीकाठच्या बराकपूरसारख्या दमट गावी अडचण निराळी. पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे खोलीहून थोडेसेच गार केलेले पाणीही नळ्यांवर दव धरते. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रमी स्कोअर काढणारे ओव्हरक्लॉकर सॉकेटभोवती उष्णतारोधक लेप देतात तो याच दवासाठी.

गुणांत फेरफार झाल्याचीही नोंद आहे. २००८ मध्ये व्हाया नॅनो या प्रोसेसरने स्वतःची ओळख ‘इंटेल’ अशी दिली, तेव्हा पीसीमार्क०५ या चाचणीतला त्याचा स्मृतीगुण सुमारे ४७ टक्क्यांनी वाढला. चिप तीच होती, फक्त नाव बदलले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकने इंटेल प्रोसेसरांचे २६०० हून अधिक निकाल अमान्य ठरवले, कारण कंपायलरमध्ये एका विशिष्ट चाचणीपुरतीच सोय केलेली आढळली. स्पेकच्या प्रत्येक निकालासोबत रॅम, कंपायलर आणि सेटिंगची पूर्ण यादी जाहीर करावी लागते, त्यामुळेच ही तपासणी शक्य झाली.