तळटीप : ‘गालगुंड झाले नि तोंड वाकडे झाले’

* लेखिकेच्या आजाराला घरच्यांनी गालगुंड म्हटले, यात त्यांची चूक काढता येत नाही. डेन्मार्कचे नेत्रतज्ज्ञ हीरफोर्ट यांनी १९०९ मध्ये ताप, डोळ्याच्या आतली सूज आणि कानाखालच्या लाळग्रंथी फुगणे ही लक्षणे एकत्र नोंदवली, तेव्हा त्यांनाही गालगुंडाचाच संशय आला होता. हा सार्कॉइडोसिसचा एक प्रकार, हे पुढे स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३७ मध्ये मांडले. या रोगात पेशींच्या बारीक गाठी जमतात. बहुधा फुप्फुसात, पण डोळ्यात आणि मज्जातंतूंतही. चेहऱ्याच्या सातव्या मज्जातंतूला झळ लागली की त्या बाजूची पापणी पुरती मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते. (पुढे येणारा बशीतल्या चहाचा प्रसंग हाच.) आपल्याकडे खरी पंचाईत क्षयाची. गाठी त्यातही होतात, फक्त तिथे बहुधा त्यांचा गाभा पनीरासारखा भुसभुशीत होतो. म्हणून तुकडा काढून तपासतात. सार्कॉइडोसिसवरचे स्टेरॉइड क्षयरोग्याला नुसतेच दिले, तर क्षय बळावतो. मूळ प्रतीतला ‘अर्धांगवायू’ हा शब्द नुसत्या चेहऱ्याच्या लकव्याला लागू नाही. लेखिकेचा म्हणून तसाच ठेवला आहे. – संपा.