जुनी कार घेताय? गाडीच्या किमतीवर आणखी किती खर्च येतो, आणि नंबर बाहेरच्या राज्याचा असेल तर काय करायचं

सावंगी (मेघे) : मेडिकल कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे सावंगीत बाहेरून शिकायला, नोकरीला येणाऱ्यांची कायम ये-जा असते. कोर्स संपला, बदली झाली की गाडी सोबत नेण्यापेक्षा इथंच विकणं सोपं पडतं. त्यामुळे एमएच-३२ सोबत नागपूरच्या एमएच-३१, ४० आणि ४९ च्या आणि थेट दुसऱ्या राज्याच्या नंबरच्या गाड्याही विकायला निघतात. देवळी, सेलू, हिंगणघाटकडचा माणूस कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की अशी गाडी पाहायला येतो. किंमत ठरते, चावी मिळते, आणि "कागद नंतर होतील" यावर व्यवहार संपतो. पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

आधी एक गैरसमज. परदेशातून जुनी कार आणायचा विचार सोडूनच द्यावा. नियमानुसार अशी गाडी बनवल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं, आणि सगळे कर मिळून रक्कम गाडीच्या मूळ किमतीच्याही वर जाते. आपल्याकडे 'बाहेरची गाडी' म्हणजे बाहेरच्या राज्याची. आणि तिचाही खर्च वाटतो तेवढा छोटा नसतो.

नंबर महाराष्ट्राचा असेल तर

गाडी नागपूरची असो की यवतमाळची, नाव बदलताना नंबर तोच राहतो आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३० लागतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन आणि पत्त्याचा पुरावा. कारची नाव बदलायची केंद्रीय नियमातली फी ३०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. कर्ज काढून घेतली असेल तर बँकेचं नाव आरसीवर चढवायला १,५०० रुपये. एजंट हजारोंमध्ये आकडा सांगतो तेव्हा त्यातली सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे विचारायला लाजू नये.

अर्ज परिवहन विभागाच्या वेबसाइटवरूनच करायचा असतो. त्यात ओटीपी लागतो. विकणाऱ्याचा मोबाईल नंबर आधारला आणि गाडीच्या नोंदीला जोडलेला नसेल तर अर्ज तिथंच अडतो. विकणारा गाव सोडून गेल्यावर त्याच्याकडून ओटीपी मागत बसणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. म्हणून पूर्ण पैसे द्यायच्या आधी अर्ज भरून घ्यावा, किंवा अर्ज होईपर्यंत काही रक्कम हातात ठेवावी आणि तसं कागदावर लिहून घ्यावं.

मोटार वाहन कायद्यात मुदती ठरलेल्या आहेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात झाली तर ४५ दिवसांत कळवायचं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा.

नंबर बाहेरच्या राज्याचा असेल तर

मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्या गाडीवर चालान, टॅक्स किंवा कर्ज बाकी असेल तर एनओसी अडते, आणि ती सोडवायला मूळ मालकच लागतो. एनओसी मिळाली की वर्ध्याच्या आरटीओत गाडी दाखवून नवा एमएच-३२ नंबर घ्यायचा. त्याचा अर्ज फॉर्म २७.

खरा खर्च रोड टॅक्सचा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल कारला किमतीच्या ११ टक्के आणि डिझेल कारला १३ टक्के कर आहे, महाग गाडीला त्याहून जास्त. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होत जातो, पण शून्य होत नाही. आणि हिशेब तुम्ही दिलेल्या सौद्याच्या रकमेवर नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवरून सुरू होतो. चार-पाच वर्षांची गाडी असेल तर हा कर मोठा बसतो. बाहेरच्या नंबरची गाडी ३०-४० हजारांनी स्वस्त मिळते म्हणून घेतली आणि तेवढाच किंवा त्याहून जास्त कर भरला, तर स्वस्ताई कुठं राहिली? सौदा ठरवण्याआधी आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत आकडा विचारून यावा. मूळ राज्यात भरलेल्या पुढच्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज त्या राज्यातल्या आरटीओत करावा लागतो. तो पैसा येईलच असं धरून सौदा करू नये.

"एक वर्ष बाहेरचा नंबर चालतो" असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. १२ महिन्यांची सूट नवा नंबर घेण्यासाठी आहे, नाव बदलण्यासाठी नाही. गाडी विकत घेतली की ३० दिवसांची मुदत लागूच.

दिल्ली आणि आसपासच्या गाड्यांची वेगळी गोष्ट. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली. २०२५ मध्ये या आदेशांत बदल झाले, तरी जुन्या डिझेल गाड्यांची भीती तिथं आहेच आणि म्हणून त्या स्वस्तात बाहेर पडतात. अशा गाडीची तिथली नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे आधी पाहावं. रद्द झाली असेल तर ते भंगारच.

बीएच नंबरच्या गाडीला दोन-दोन वर्षांचा टॅक्स भरलेला असतो. हा नंबर सरकारी कर्मचारी किंवा चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीच्या नोकरदाराला मिळतो. घेणारा त्यात बसत नसेल तर राज्याचा टॅक्स भरून साधा नंबर घ्यावा लागतो.

मोबाईलवर अर्ध्या तासात काय तपासता येतं

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की मालकाचा क्रमांक, नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत आणि कर्ज आहे की नाही, हे दिसतं. कर्जाच्या रकान्यात बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव दिसत असेल तर "हप्ते संपले" हे शब्द पुरेसे नाहीत. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ते नाव आधी उतरवावं लागतं. ही एनओसी बहुतेक तीन महिनेच चालते, त्यामुळे जुनाट कागद दाखवला तर नवा मागावा.

चालान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालान वेबसाइटवर दिसतं. समृद्धी महामार्गावर फिरलेल्या गाडीचं तर नक्की पाहावं. चोरीची गाडी आहे का, हे डिजिटल पोलीस पोर्टलवर नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर टाकून कळतं. चेसिस नंबर आरसीवरून नाही, गाडीच्या पत्र्यावर कोरलेला वाचून टाकावा. घासलेला, वेल्डिंग केलेला दिसला तर तिथूनच परत यावं.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी, एचएसआरपी, बसवली आहे का तेही पाहावं. नसेल तर कारला ७४५ रुपये आणि जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये लागतात.

गाडी पाहायला सकाळीच जावं

इंजिन थंड असताना चालू करून पाहावं. आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवायचं असू शकतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चिकट थर असेल तर कूलंटचं पाणी ऑइलमध्ये जातंय. अशा गाडीचं काम हजारांत संपत नाही.

मीटर फिरवणं आजही होतं. ४० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचं क्लचचं रबर गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं कव्हर चकचकीत असेल तर हिशेब जुळत नाही. टायरवर चार आकडी शिक्का असतो, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर विचारावं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी विक्रेत्यामार्फत मागवता येतात, मीटरचं खोटं तिथं लगेच उघडं पडतं.

कमी चाललेली गाडी नेहमी चांगलीच, असंही नाही. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी बॅटरी आणि टायर मागते, आणि बॉनेटखाली उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असू शकतं. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. खालच्या भागात चिखलाचा डाग, सीटच्या रुळांना गंज आणि आत कुबट वास असेल तर ती गाडी नको. चेन्नईत २०१५ ला, केरळात २०१८ ला हजारो गाड्या पाण्यात गेल्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात विकल्या जातात.

डिझेलचा मोह असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. सावंगी ते वर्धा एवढंच रोज जायचं असेल तर तो साफ होत नाही, चोंदतो, आणि बदलायचा खर्च भारी असतो. रोज नागपूर करणाऱ्याला डिझेल परवडेल, बाकीच्यांनी पेट्रोलच पाहावं. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी झालेली हवी. नोंद नसलेलं किट निघालं तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते.

विमा आपोआप आपला होत नाही

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कायद्यानं नव्या मालकाकडे जातो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावं लागतं. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही, उलट तेवढा फरक भरावा लागतो.

विमा संपलेला असेल तर थर्ड पार्टीचे जून २०२२ मध्ये ठरलेले दर असे : १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. शिवाय १८ टक्के जीएसटी.

समजा, २०१६ ची १,१९७ सीसीची पेट्रोल कार नागपूरहून रोखीत घेतली, विमा संपलेला आणि नवी पाटी बसवायची बाकी आहे. नावाची फी आणि कार्ड ५००, विमा सुमारे ४,०३१, पाटी ८७९. म्हणजे सरकारी आणि विम्याचा खर्च साधारण ५,४१० रुपये. टायर, बॅटरी, क्लच, सर्व्हिसिंग याचे २५-३० हजार बाजूला ठेवूनच गाडीचा भाव करावा.

१५ वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीचं गणित आणखी वेगळं. १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी पाच वर्षांसाठीच होते आणि कारची फी ५,००० रुपये आहे. २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर आणि तपासणी वेगळी. ६०-७० हजारांची गाडी घेताना हे मोजलं जात नाही.

डीलरकडून की थेट मालकाकडून?

जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून बिल दाखवत असेल तर ते चूक. दोन साध्या माणसांमधल्या विक्रीला जीएसटी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना नव्या गाडीची आजची किंमत समोर ठेवावी, मालकानं तेव्हा काय दिले ते नाही.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं असतं आणि गाडी ताब्यात आली की फॉर्म २९-सी नं ऑनलाइन कळवायचं असतं. तेवढं झालं की जबाबदारी डीलरची. चौकात गाड्या लावून विकणाऱ्या दलालाकडे हा कागद नसेल तर मूळ मालकाला समोर बोलावूनच व्यवहार करावा.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसतो. स्टॅम्पवर करार जरूर करावा, पण नोटरी केलेला स्टॅम्प म्हणजे आरसी नव्हे.

विकणाऱ्यानंही झोपू नये

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी नुकसानभरपाई नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. म्हणून गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून घेणाऱ्याची सही घ्यावी, त्याच्या आधारची प्रत आणि चावी देतानाचा फोटो ठेवावा, फास्टॅग बंद करावा आणि ऑनलाइन अर्जाची पावती जपावी. आरसीवर नाव बदललं का, हे महिन्याभरानं अ‍ॅपवर पाहून घ्यावं.

घरातल्या वारलेल्या माणसाच्या नावावरची गाडी असेल तर आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. त्याआधी केलेल्या विक्रीवर मेलेल्या माणसाची सही लागते, आणि ती कोणी केली असेल तर ते खोटं कागदपत्र ठरतं. अशी आरसी समोर आली तर बयाणासुद्धा देऊ नये.