पीण्यातली मोगरी आणि विम्बल्डनचं गवत

व्हिडिओत या भागाची सुरुवात एका आवाजानं केली होती. पत्र्यावर लाकूड आपटल्याचा आवाज. पुस्तकात आवाज छापता येत नाही, म्हणून सांगूनच टाकतो. तो आवाज बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातला, सेकंड स्टेजमधल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमधला आहे. मालक डक्टचा कोपरा वळवत होते आणि त्यांच्या हातात एक आखूड दांड्याची, जाड डोक्याची मोगरी होती.

मी मूळचा बेळगावचा. प्लॅस्टिकच्या मोल्डचं काम शिकून १९८९मध्ये पीण्यात आलो तो इथलाच झालो. तुमकूर रोडच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हा भाग १९७०च्या दशकात आकाराला आला. २०१४मध्ये मेट्रो आली आणि बाहेरच्या लोकांना ‘पीण्या इंडस्ट्री’ हे निदान स्टेशन म्हणून तरी ठाऊक झालं. इथं अंगठीएवढ्या वॉशरपासून विमानाच्या भागांपर्यंत काय वाटेल ते तयार होतं. आणि मी इथं राहून जुन्या टेनिस रॅकेट जमवतो. लोक हसतात. पत्ता चुकला म्हणतात. आज मला हेच सांगायचंय, की पत्ता बरोबर आहे.

आधी ती मोगरी. डोकं काळपट तपकिरी, दोन्ही टोकांना पितळी कडी. पत्रेकामाच्या मोगरीला पितळी कडी कोण घालतं? मी मागून घेतली आणि वजनानंच दचकलो. वरच्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत एक सरळ बारीक रेघ कोरलेली होती, मळानं भरलेली. ती नेम धरायची रेघ. ‘‘एकदा पाण्यात टाकू का?’’ असं विचारलं. मालकांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण बादली पुढे सरकवली. दांडा निखळलेलाच असायचा, तो काढून डोकं सोडलं. दगडासारखं तळाला गेलं.

बुडणारं लाकूड फार थोडं असतं. त्यातलं एक लिग्नम व्हिटी, कॅरिबियन बेटांकडचं. इतकं घट्ट आणि अंगचं तेलकट, की जहाजाच्या पंख्याचा दांडा जिथं फिरतो तिथं याचं बेअरिंग बसवायचे. पाण्याखाली, वंगणाशिवाय. आणि याच लाकडाची डोकी क्रोके नावाच्या खेळाच्या मोगऱ्यांना लावायचे, कारण जवळजवळ अर्धा किलोचा चेंडू टोलवायला डोकं जड आणि न चिरणारं लागतं.

मालकांच्या वडिलांनी ती शिवाजीनगरच्या गुजरीतून, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बाजारातून, लोखंडाच्या ढिगाबरोबर आणली होती. बंगळुरूची लष्करी छावणी १८०९ची. तिथल्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघायचं आणि फिरत फिरत गुजरीत यायचं. दांडा तुटला तेव्हा वडिलांनी कापून आखूड केला. त्यानंतर ती पत्र्यावरच चालली.

क्रोके म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही. गवतावर लोखंडी कमानी रोवायच्या, मधे एक रंगीत खुंटी. निळा, लाल, काळा, पिवळा असे चार चेंडू मोगरीनं ढकलत कमानींतून न्यायचे आणि शेवटी खुंटीला लावायचे. १८६०च्या दशकात इंग्लंडला याचं वेड लागलं. एक कारण खेळाच्या नियमांत नव्हतं. यात बायका आणि पुरुष एकाच मैदानात, एकमेकांविरुद्ध खेळू शकत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

१८६८मध्ये लंडनच्या काही मंडळींनी ऑल इंग्लंड क्रोके क्लब काढला आणि विम्बल्डनला वर्पल रोडवर जागा घेतली. हो, तेच विम्बल्डन. आज ज्या नावापुढे टेनिसशिवाय काही आठवत नाही, तो क्लब मुळात मोगरीवाल्यांचा. थोड्याच वर्षांत क्रोकेचं वेड ओसरलं, पण एक वस्तू उरली: सपाट, बारीक कापलेलं, रोलर फिरवलेलं गवत. त्या तयार गवतावर टेनिस आलं.

आता इथं माझ्यातला कारागीर जागा होतो. गवत बारीक कापलं कशानं? १८३०मध्ये एडविन बडिंग नावाच्या इंग्लिश मेकॅनिकनं गवत कापायचं यंत्र बनवलं. कल्पना कुठून सुचली? लोकरीच्या गिरणीतून. कापडावरचे उभे राहिलेले तंतू कातरणारं फिरत्या पात्यांचं यंत्र त्यानं पाहिलं होतं. तेच त्यानं आडवं करून जमिनीवर चालवलं. आणि चेंडू? राजवाड्यांतलं जुनं टेनिस बंद दालनात खेळत. चिंध्या कोंबून शिवलेला तो चेंडू फरशीवर उडे, गवतावर मात्र मेल्यासारखा पडे. रबराला गंधक घालून शिजवायची युक्ती १८४०च्या दशकात पेटंट झाली, तेव्हा कुठे गवतावरून उसळणारा पोकळ चेंडू शक्य झाला. म्हणजे लॉन टेनिस जन्मायला एक कापड गिरणी आणि एक रबराची भट्टी लागली. म्हणून म्हणतो, पीण्यातून पाहिलं की हा खेळ ओळखीचा वाटतो.

मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफिल्ड, भारतात नोकरी करून गेलेला लष्करी अधिकारी. त्यानं १८७४मध्ये पेटंट घेतलं आणि अख्खा खेळ पेटीत घालून विकायला काढला: जाळी, खांब, रॅकेट, चेंडू, नियमांची पुस्तिका. किंमत पाच गिनी. मैदान मधे आवळलेलं, डमरूसारखं. खेळाला त्यानं ‘स्फैरिस्टिकी’ असं ग्रीक नाव दिलं होतं, ते अर्थातच कुणाला उच्चारता येईना. अशी मूळची पेटी हाती लागणं हे जगभरच्या संग्राहकांचं स्वप्न. मी मोल्डवाला आहे, माझी स्वप्नं गुजरीपुरती.

विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ची. रोलर नादुरुस्त होता, त्यासाठी पैसे हवे होते, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. २२ खेळाडू उतरले, स्पेन्सर गोर जिंकला. डमरू टाकून मैदान काटकोनी केलं, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. एकेरीचं मैदान आजही तेवढंच आहे. क्लबनं १८८२मध्ये नावातून क्रोके काढून टाकलं आणि १८९९मध्ये परत घेतलं. पण आता टेनिस आधी आणि क्रोके नंतर.

मग हे सगळं आपल्याकडे आलं. छावण्या आणि जिमखाने होतेच. पुण्याचं नाव तर बॅडमिंटनच्या जन्मकथेतच आहे, तो खेळ काही काळ ‘पूना’ म्हणूनच ओळखला जायचा. टेनिसमध्ये मराठी घराचं नाव निघायला थोडा वेळ लागला, पण निघालं ते बाईचं.

शंकर पांडुरंग पंडित हे नाव वेदाच्या अभ्यासकांना माहीत असतं. ‘वेदार्थयत्न’वाले. त्यांची मुलगी क्षमा, जन्म १८९०, पुण्याचा. पुढे पंडिता क्षमा राव म्हणून संस्कृतात लिहिणाऱ्या. गांधींच्या चळवळीवर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ रचली, ती १९३२मध्ये पॅरिसला छापली गेली. या बाई टेनिस खेळत, आणि चांगल्या खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिनं १९३४मध्ये विम्बल्डनला ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अडामॉफनं तिला हरवलं. लीलानं पुढे आईच्या संस्कृत कथांवरून नाटकं लिहिली, नृत्यावर ग्रंथ लिहिले.

हे व्हिडिओत सांगितलं तेव्हा कित्येकांनी कळवलं की नाव पहिल्यांदाच ऐकतोय. आपल्याला विम्बल्डन म्हटलं की कृष्णन आठवतात, अमृतराज आठवतात. ते आठवावेतच. पण आजोबा वेदाचे संपादक, आई संस्कृत कवयित्री आणि नात विम्बल्डनच्या गवतावर, असं घर आपल्याकडे होतं हेही शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

लीलाच्या वेळच्या रॅकेट कशा होत्या, ते माझ्या कपाटातल्या तुकड्यांवरून सांगता येतं. ॲश नावाच्या लाकडाची लांब पट्टी वाफेवर मऊ करून साच्याभोवती वाकवायची. दोन टोकं जिथं एकत्र येतात त्या घशात एक पाचर बसवायची. जुन्या रॅकेटमध्ये ही पाचर वर फुगलेली असते, नंतरच्यांत आत खोलगट. काळ ओळखायची ही पहिली खूण. मूठ लाकडाचीच, घाम आला तरी सुटू नये म्हणून खाचा पाडलेली. चामडं गुंडाळायची पद्धत १९३०च्या सुमाराला रुळली. एकाऐवजी अनेक पातळ पट्ट्या सरसानं चिकटवायची रीतही साधारण त्याच वेळची. तारा म्हणजे जनावराच्या आतड्याची तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तीच जात. पावसाळ्यात तात सैल पडायची आणि चौकट पिळवटायची, म्हणून खेळून झालं की रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी शिकंजात अडकवून ठेवायची. शिकंजा नसलेली जुनी रॅकेट आपल्या हवेत सरळ सापडली, तर मी आधी संशय घेतो.

या रॅकेट पुढे आपल्याकडेही बनू लागल्या. सियालकोटच्या सुतारांनी साहेबांच्या मोडक्या रॅकेट दुरुस्त करता करता हा धंदा उभा केला असं सांगतात. १९४७नंतर तिथले अनेक कारागीर जालंधरला आले आणि तिथं तो पुन्हा उभा राहिला.

लाकडाचा शेवट कसा झाला, तो माझ्या धंद्याचा विषय आहे. १९८१मध्ये मॅकेन्रो विम्बल्डन जिंकला तो लाकडी रॅकेटनं. तिथं लाकडानं जिंकलेलं पुरुषांचं ते शेवटचं विजेतेपद. १९८३मध्ये तो परत जिंकला, तेव्हा त्याच्या हातात डनलॉपची मॅक्स २०० जी होती. कार्बनचे तुकडे मिसळलेलं नायलॉन, इंजेक्शन मोल्डिंगनं ओतलेलं. पोकळ चौकट एका फटक्यात कशी ओतायची? साच्यात आधी कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा गाभा ठेवायचा, त्याभोवती नायलॉन दाबायचं, मग गाभा वितळवून बाहेर काढायचा. मूर्तिकार मेणाचं करतात तसंच, फक्त मेण आत. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. १९८७नंतर विम्बल्डनला लाकडी रॅकेट दिसली नाही.

आता माझी चूक. ही व्हिडिओत मी घाईनं उरकली होती, इथं नीट सांगतो.

माझे आजोबा बेळगावच्या एका क्लबात टेनिस मार्कर होते. मार्कर म्हणजे मैदानाच्या रेघा मारणारा, तात ओवणारा आणि जोडीदार आला नाही तर सभासदाबरोबर खेळणारा पगारी माणूस. हरायचं किती, हे कळणं हाही नोकरीचा भाग. क्लबच्या व्हरांड्यात त्यांना बसता येत नसे. निवृत्त होताना त्यांना एक जुनी रॅकेट मिळाली. ती आत्याकडे होती आणि २००३मध्ये तिनं ती मला दिली, ‘‘तुला नाद आहे म्हणून.’’

मी ती पीण्याला आणली आणि रविवारी बेंचवर घेतली. काचपेपर मारला, आधी जाड, मग बारीक. वर पी.यू. लॅकरचे तीन हात. मूठ अशी चमकली की काय सांगू. दिवाळीला मोठ्या तोऱ्यात आत्याला दाखवायला घेऊन गेलो. ती बराच वेळ रॅकेट फिरवून बघत राहिली.

‘‘हितं अण्णांच्या हाताचा काळा वण होता की रे,’’ ती म्हणाली. ‘‘आणि गळ्यावर शाईनं नंबर होता. त्याच्याफुडं त्यांनी आपलं अक्षर काढलं होतं. काय करून ठेवलास हे?’’

नंबर मी पाहिला होता. डाग समजून घासला होता.

पुढे क्लबात जाऊन चौकशी केली. भिंतीवर विजेत्या सभासदांची नावं सोनेरी अक्षरांत १९२०पासूनची आहेत. मार्करांच्या पगाराच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. तिथं कागदावर माझ्या आजोबांचं नाव कुठेच नाही. होतं ते एक अक्षर, शाईचं, आणि ते मी एका रविवारी दुपारी काढून टाकलं.

तेव्हापासून मी रॅकेटवर मऊ कोरड्या फडक्याशिवाय काही फिरवत नाही. तुटलेली तात तुटलेलीच ठेवतो. कुणी विचारतं, जुनी रॅकेट माळ्यावर सापडली, काय करू? आधी फोटो काढा, शाईच्या खुणा बघा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. पॉलिश नंतर. खरं तर कधीच नाही.

त्या मोगरीकडे परत येतो. मी मालकांना मोबदला म्हणून चांगली नायलॉनची मोगरी करून दिली, स्वतः लेथवर. त्यांनी दोन दिवस वापरली आणि परत केली. म्हणाले, ही उसळते, पत्र्यावर बसत नाही. पैसे देऊ केले तर मान हलवली. ‘‘अदु नम्म अप्पंदु, सार.’’ ती आमच्या वडिलांची आहे.

मग मी तिची मापं घेतली, फोटो काढले, वजन लिहून ठेवलं. माझ्या संग्रहाच्या वहीत तिला क्रमांक आहे, वस्तू त्यांच्या शेडमध्ये आहे. दर आयुधपूजेला ते मला बोलावतात. पीण्यात त्या दिवशी यंत्रं बंद असतात, लेथला झेंडूच्या माळा, ड्रिल मशीनला गंध. गेल्या वर्षी मोगरी धुऊन पाटावर ठेवली होती आणि मालकांच्या मुलीनं तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. नेम धरायची ती रेघ मळ निघून उघडी पडली होती, तिच्यात कुंकू बरोबर भरलं, टोकापासून टोकापर्यंत लाल. माझ्या खिशात मऊ फडकं होतं. तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा पत्र्यावर.