मृदू ऊतकांची पुनर्रचना

त्वचा, मेद, स्नायू, रक्तवाहिन्या इ. मृदू ऊतके (समान रचनेच्या व कार्याच्या पेशींचे समूह) जखमेने, भाजल्याने वा रोगाने नष्ट झाली असता ती भरून काढण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. या उपायांच्या इतिहासात दोन प्रश्न सतत आढळतात : नव्या ऊतकाला रक्त कसे मिळावे आणि पेशींनी कशाच्या आधाराने वाढावे.

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याजवळ मिळाले. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक जोडण्याची रीत आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक व एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याचे नाक विटा पाडणाऱ्या जातीतील एका जाणकाराने नव्याने घडविले. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्याचे वर्णन आले. मेणाच्या नमुन्याच्या मापाने कपाळाची त्वचा सोडवून खाली वळविली. परंतु डोळ्यांमधील अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. तिच्यातून रक्त मिळत राहिले व सु. २५ व्या दिवशी ती तोडण्यात आली. जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये १८१४ मध्ये या रीतीचा अवलंब केला.

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर मात्र घेण्याजोगी त्वचाच उरत नाही. अशा वेळी जखम झाकणे ही पहिली निकड असते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाच्या आच्छादनाचा अभ्यास करून निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नसल्याने ते बदलताना वेदना कमी होतात. मुक्ताईनगर, रावेर, यावल या खानदेशातील केळीच्या मुलखात ते सहज उपलब्ध असते. तथापि पान जखम झाकते, ऊतक घडवीत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला जॉन बर्क व आयोनिस यानस यांनी १९८१ मध्ये हात घातला. कोलॅजेन (त्वचेतील तंतुमय प्रथिन) वापरून त्यांनी सच्छिद्र पटल तयार केले. त्यात रुग्णाच्याच पेशी शिरून वाढतात व पटल हळूहळू विरघळते. शरीरातील पेशींभोवतीचे कोलॅजेनचे धागे मात्र नॅनोमीटरच्या (मीटरचा अब्जांश) मापाचे असतात. तसे तंतू करण्यासाठी बहुवारिकाच्या विद्रावाच्या थेंबास कित्येक हजार व्होल्ट विद्युत् दाब देतात. थेंबातून निघालेली बारीक धार ताणली जाऊन सुकते व तंतूंचे जाळे साचते. अँटन फॉर्महाल्स यांनी १९३४ मध्ये वस्त्रोद्योगासाठी पेटंट घेतलेली ही रीत २००२ च्या सुमारास ऊतकांच्या सांगाड्यासाठी वापरात आली. अशा जाळ्यावर पेशी चांगल्या चिकटतात आणि तंतूंच्या दिशेने वाढतात.

परंतु जाळ्याची छिद्रे फार सूक्ष्म असल्याने पेशी व रक्तवाहिन्या खोलवर शिरत नाहीत आणि जाड ऊतकाचा अंतर्भाग पोषणाअभावी मरतो. पुण्याच्या शस्त्रक्रियेत त्वचेच्या एका पट्टीने सोडविलेला हा प्रश्न कृत्रिम सांगाड्यांपुढे अद्याप उभा आहे.