भेडाघाटची सहल आणि बाहेरच्या जेवणाचा इतिहास

नर्मदेचे पाणी पाहायला जाणे आणि परतताना एखाद्या उपाहारगृहात जेवणे या दोन गोष्टी जबलपूरच्या सहलीत आज सहज एकत्र येतात, परंतु त्यांचे वय मुळीच सारखे नाही. जबलपूरजवळच्या नर्मदाकाठच्या भेडाघाटला जाणे ही फार जुनी प्रथा आहे. तेथील टेकडीवरचे गोलाकार चौसष्ट योगिनी मंदिर कलचुरी राजवटीतील, साधारण दहाव्या शतकातील असून, कलचुरी राजा गयाकर्णाची राणी अल्हणादेवी हिच्या 1155 च्या शिलालेखात शिवमंदिरासोबत मठ, व्याख्यानशाळा आणि बागा उभारल्याचा व त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिल्याचा उल्लेख आहे. येणाऱ्याच्या पोटाची सोय देवस्थान आणि दाता यांच्याकडे असे. नर्मदा परिक्रमेतील सदावर्त, म्हणजे वाटसरूला मोफत दिलेला कोरा शिधा किंवा शिजवलेले अन्न, हे त्याच व्यवस्थेचे टिकून राहिलेले रूप होय. कोरा शिधा देण्यामागे सोवळ्याचे कारणही होते, कारण परक्याच्या हातचे खाणे अनेकांना चालत नसे आणि स्वतःची चूल मांडणे हाच त्यावरचा उपाय होता.

मासे पाहण्याची हौसही याच काठावर भागत असे. मुंबईत 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यावर काचेआडचा मासा तिकीट काढून पाहण्याची वस्तू झाला. नर्मदेच्या घाटांवर मात्र कणकेच्या गोळ्या टाकून माशांना वर आणणे हे पुण्यकर्म मानले गेले आणि बघ्याला मत्स्यदर्शन फुकटच घडले. नदीचा मानाचा मासा महसीर हा वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणारा आणि विणीसाठी स्थलांतर करणारा असल्याने जबलपूरजवळच्या बरगीसारख्या धरणांनी त्याची वाट अडवली. मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा घोषित केले ते पुष्कळ उशिरा.

जबलपूर 1781 मध्ये मराठ्यांकडे आले, 1798 मध्ये नागपूरकर भोसल्यांना मिळाले आणि डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यानंतर घाटावर येणाऱ्यांचा हेतू बदलू लागला. ‘संगमरवरी खडक’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या, वस्तुतः मॅग्नेशियमयुक्त चुनखडकाच्या कड्यांचे वर्णन इंग्रज लष्करी अधिकारी जेम्स फोर्सिथ यांच्या 1871 च्या ग्रंथाने इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवले; त्याआधी, मार्च 1870 मध्ये, मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले होते. देवदर्शनाशिवाय केवळ दृश्यासाठी येणारा, सकाळी निघून संध्याकाळी परतणारा प्रवासी हा या रुळांनी घडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. तरी जेवण अजून डब्यातलेच होते. बाजारातून घ्यायचे ते हलवायाकडचे गोड, आणि त्यात शहराची खासियत म्हणजे गडद रंगाची खव्याची जिलबी.

मेज, खुर्ची आणि ठरलेला दर यांसह बाहेर जेवणे मध्यमवर्गात रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर इंडियन कॉफी हाऊसला जाते, आणि प्रवासवर्णने नेमकी त्यालाच विसरतात. देशी कॉफीचा खप वाढावा म्हणून 1930 च्या दशकात, मुंबईपासून, ही कॉफीगृहे सुरू झाली व पुढे कॉफी बोर्डाच्या हाती राहिली. 1950 च्या दशकात बोर्डाने ती बंद करण्याचे ठरवले, कामगारांवर बेकारीची वेळ आली, आणि कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था, म्हणजे काम करणाऱ्यांच्याच मालकीच्या संस्था, स्थापन केल्या. पहिली 1957 मध्ये बंगळुरूला नोंदली गेली. जबलपूरची संस्थाही याच चळवळीतून उभी राहिली. पंखासारखा तुरा असलेला फेटा बांधलेले वाढपी, डोसा, कटलेट आणि फिल्टर कॉफी यांत जातीची चौकशी होत नव्हती, शिवाय दरही आवाक्यात होते. म्हणून पूर्वी बाहेरच्या पाण्यालाही बिचकणारी कुटुंबे येथे मुलांना घेऊन बसू लागली. ‘जिस देश में गंगा बहती है’ या 1960 च्या चित्रपटात भेडाघाट झळकल्यानंतर बाहेरगावच्या पाहुण्यांना तेथे नेण्याला आणखी एक निमित्त मिळाले, आणि जबलपूरच्या करमचंद चौकातील किंवा सदर भागातील कॉफी हाऊसमध्ये थांबणे त्या दिवसाच्या बेतात बसू लागले. जबलपूरच्या या संस्थेच्या शाखा पुढे मध्य प्रदेशाबरोबरच छत्तीसगडमधील रायपूर, भिलाईसारख्या शहरांतही निघाल्या.