नाव भिंतीवरचे, विद्या हातातली

आश्रयदाता निघून गेला म्हणजे कलेचे पुढे काय होते, हा प्रश्न संस्कृतीच्या इतिहासात वारंवार उभा राहतो. दरबार मोडतो, मंडळी पांगतात; मग विद्या उरते की तीही लोपते? या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर व्हिडिओ गेमसारख्या अगदी अलीकडच्या क्षेत्रातही सापडते, हे पाहून वाचकांस कौतुक वाटेल. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात नेदरलँड्समधील 'टीम रेप्टाइल' या छोट्या, स्वतंत्र मंडळीने 'बॉम्ब रश सायबरफंक' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चाकांच्या बुटांवरून अथवा चाकांच्या फळीवरून शहरभर घसरत जावयाचे आणि फवाऱ्याच्या रंगांनी भिंतीवर आपल्या टोळीची चित्राक्षरे, म्हणजे ग्राफिटी, उमटवावयाची, असा त्याचा विषय. या खेळाची वंशावळ दोन नगरांतून उतरली आहे.

पहिले नगर न्यूयॉर्क. 'टाकी १८३' असे टोपणनाव घेतलेला एक निरोप्या पोरगा तेथे होता. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. कामानिमित्त तो शहरभर हिंडे आणि जाईल तेथे हे नाव लिही. २१ जुलै १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची हकीकत छापली. पुढे भुयारी रेल्वेचे डबेच्या डबे रंगले. ज्याचे नाव साऱ्या शहरात झळके तो 'ऑल सिटी' म्हणविला जाई. १९७२ साली नगरपालिकेने याविरुद्ध कायदा केला, आणि अखेर १२ मे १९८९ रोजी रंगविलेली शेवटची गाडी सेवेतून काढण्यात आली. हा विरोध अकारण नव्हता. आपल्या देवळाच्या प्राकारावर कोणी कोळशाने नाव खरडले तर आपणांस येणारा संताप रास्तच असतो; भिंतीला धनी असतो. तथापि ज्यांचे नाव कोणत्याही पाटीवर कधी लागावयाचे नाही, अशा पोरांनी ते स्वतःच लिहून काढले, हेही तितकेच खरे.

दुसरे नगर टोकियो. सेगा कंपनीच्या 'स्माइलबिट' शाखेने २००० साली 'जेट सेट रेडिओ' हा खेळ काढला. मासायोशी किकुची हे त्याचे दिग्दर्शक, र्‍यूता उएदा कलादिग्दर्शक, तर हिदेकी नागानुमा प्रमुख संगीतकार. टोकियोच्या गल्ल्यांवर बेतलेल्या नगरीत प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रांवर आपले चित्र चढवावयाचे आणि पाठलागावरील पोलिसांस चुकवावयाचे, असा खेळ होता. ठळक काळ्या रेषा व सपाट रंग यांमुळे तो हलत्या चित्रकथेसारखा दिसे. ही पद्धती रूढ करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. परंतु ज्या 'ड्रीमकास्ट' यंत्रासाठी तो रचला, त्याचे उत्पादन थांबविण्याचे सेगाने जानेवारी २००१ मध्ये जाहीर केले. दुसरा भाग २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर आला. २००४ साली सेगाच्या पुनर्रचनेत स्माइलबिट विलीन झाली. २०१२ मध्ये जुन्या खेळाची नवी आवृत्ती निघाली, एवढेच. नवी रचना झाली नाही. दरबार असा मोडला.

परंतु शिष्य उरले होते. टीम रेप्टाइलपाशी जुन्या नावाचा हक्क नव्हता. म्हणून नगर, पात्रे, कथा सर्व नवे रचावे लागले. चाल मात्र तीच: तीच घसरण, तेच सपाट रंग, तीच पोलिसांशी झटापट. विशेष हे की, संगीतासाठी त्यांनी प्रत्यक्ष नागानुमांनाच पाचारण केले. खेळातील नगरीचे नाव 'न्यू ॲमस्टरडॅम'. सतराव्या शतकात डच वसाहतवाल्यांनी वसविलेल्या न्यूयॉर्कचे १६६४ पर्यंतचे नाव हेच होय. कथेतील टोळीची आकांक्षाही 'ऑल सिटी' होण्याचीच. नायकाचे शिर छाटले जाते, धडावर यांत्रिक मस्तक बसते आणि तो आपल्या मूळ शिराचा शोध घेत फिरतो.

हा खेळ मूळ कृतीच्या फार जवळ राहिला, असा आक्षेप काही समीक्षकांनी घेतला, आणि त्यात तथ्य आहे. परंतु गुरूची तान प्रथम हुबेहूब गळ्यात उतरविल्यावाचून कोणता शिष्य स्वतःची गायकी उभी करू शकला आहे? उलट, ही तान कोणी उचललीच नसती, तर ती जुन्या यंत्रांबरोबर धूळ खात पडली असती.

डिसेंबर २०२३ मध्ये सेगाने स्वतःच नव्या 'जेट सेट रेडिओ'ची घोषणा केली. मूळ घराण्याला आपल्या विद्येची आठवण झाली, हे चांगलेच झाले. परंतु मधल्या काळात ती जिवंत ठेवली ती नावाचा हक्क नसलेल्यांनी. ज्या कलेत नाव हेच सर्वस्व, तिचा वारसा नावावाचून पुढे गेला, यातच या इतिहासाचे मर्म आहे. भिंतीवरचे नाव दुसऱ्या रंगाखाली झाकले जाते. हातातली विद्या, शिकणारा भेटला तर, टिकते.